सासूबाईंच्या माघारी उकिरडा

धाकटीने मागच्या पत्रात लिहिले आहे की, तुमच्या रंगूनच्या घरी भाजीची साले, उरलेला भात आणि माशांचे काटे सगळे एकाच वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या दारच्या डब्यात टाकतात, आणि सकाळी गाडी येऊन ते घेऊन जाते. खाली तिने विचारले आहे, "आजी, तुझ्या वेळी गाडी नव्हती, मग कचरा जायचा कुठे?"

मुली, मी लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हाचे सांगते. कचरा कुठे जाई हे एका शब्दात सांगता येणार नाही, कारण तो एका ठिकाणी जातच नसे.

आमच्या सासूबाईंच्या मोरीशेजारी तीन भांडी असत. एक घमेले गाईचे. त्यात भाजीची देठे, दुधीची साले, कोंडा, तांदळाचे धोवण. म्हणजे चुलीवर न चढलेले आणि कोणाच्या तोंडाला न लागलेले. दुसरे एक काळे मडके खरकट्याचे. पानातले उरलेले, भांड्याच्या बुडाला लागलेले, ते सगळे त्यात, आणि तिथून परसातल्या उकिरड्याच्या खड्ड्यात. तिसरी एक फुटकी कुंडी मासळीची. आमच्याकडे मासळी चाले, सोमवार-गुरुवार सोडून. खवले, डोकी आणि मासे धुतलेले पाणी नारळाच्या बुंध्याशी जाई. दर वेळी नवा खळगा खणायचा आणि वरून माती लोटायची. चुलीतली राख भांडी घासायला, आणि एक ओंजळ खड्ड्यात. नारळाच्या शेंड्याही भांड्यांनाच. पिळलेले लिंबू देवाच्या पितळेला. खापर आणि काच मात्र खड्ड्याच्या आसपाससुद्धा फिरकू द्यायची नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकून आलेली. मला नीटनेटकेपणाची हौस. आल्याबरोबर मी तिन्ही भांड्यांना तीन रंगांच्या चिंध्या बांधल्या. सासूबाईंनी त्या बघितल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "असू दे हो. पण जे नाकाला कळतं ते डोळ्यांना कशाला सांगायचं?"

एवढा खटाटोप कशासाठी, तर गाईसाठी. दर वर्षी पावसाळ्याच्या आधी बाळकुमहून एक शेतकरी गाडी घेऊन येई. खड्ड्यातले मुरलेले खत भातशेतीसाठी भरून नेई, आणि भात झोडून झाला की त्याच गाडीतून वर्षभराचा पेंढा आणून टाकी. त्याचे एकच सांगणे असे. "काकी, खत तुमचा सोन्यावानी हाय. पन काचेचा तुकरा येऊ देव नुको गो. आमी अनवानी चालताव." सासूबाई त्याला गूळपाणी देत आणि म्हणत, "माझ्या खड्ड्यात काच सापडली तर मला येऊन सांग." खत गेले की पेंढा येई, आणि पेंढ्यावर आमची तांबडी गाय उभी होती. विकत पेंढा घेऊन गाय पोसण्याइतके आम्ही मोठे नव्हतो.

आणि याच खड्ड्यावर गदा आली. ती आणली खुद्द मामंजींनी.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, कचेरीत शिरस्तेदार होते आणि आमच्या गावच्या म्युनिसिपालिटीचे सभासदही होते. आदल्या वर्षी गावात पटकीची साथ होऊन गेली होती. सभासदांनी ठरवले की मुंबईहून डॉक्टर बोलावून घरोघरचे खड्डे दाखवायचे. ज्याला घाण येईल तो बुजवायचा, आणि त्या घराने सगळा कचरा म्युनिसिपालिटीच्या गाडीत द्यायचा. गाडी तो खाडीच्या काठी नेऊन ओतणार. मामंजींनी जेवताना हे सांगितले आणि वर म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. डॉक्टर पहिल्यांदा आपल्याच घरी येणार आहेत. मीच तसं सुचवलं."

सासूबाई दाराआडून वाढायची भांडी माझ्या हातात देत होत्या. त्या मामंजींशी परक्यासमोर बोलत नसत, आणि रागावल्या की घरातल्यांसमोरही बोलत नसत. मला म्हणाल्या, "सूनबाई, विचार त्यांना, खड्डा बुजल्यावर गाईला पेंढा मुनशिपालटी घालणार का?"

मामंजी मला म्हणाले, "सांग त्यांना, खड्ड्याला वास येत नसेल तर कशाला बुजेल?"

"आणि आला तर?"

"आला तर गाय टिटवाळ्याच्या वाडीवर जाईल. तिथे भावाकडे पेंढा आहे."

मी मध्ये आमटीचे भांडे घेऊन उभी होते. मला एक अक्षरही बोलावे लागले नाही. संध्याकाळी सासूबाई गोठ्यात गाईच्या गळ्याखाली हात घालून बराच वेळ बसल्या होत्या. ती गाय त्यांच्या हातावर वाढलेली. तिची आई याच गोठ्यात दगावली, तेव्हा हिला त्यांनी बोटाने दूध पाजले होते.

डॉक्टर यायच्या आधी कल्याणहून निरोप आला की सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला कळा लागल्या आहेत. त्या लगोलग निघाल्या. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "तू आहेस म्हणून जाते. खड्डा सांभाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजूला बसले.

तुम्हाला हे सांगायला हवे. त्या काळी बायका महिन्यातले तीन दिवस घरात वेगळ्या बसत. स्वयंपाक, पाणी, देव, गाय, कशालाही हात लावायचा नाही. मागच्या पडवीत एका घोंगडीवर बसायचे, चौथ्या दिवशी न्हाऊन मग घरात यायचे. शेजारणी जेवण द्यायला तयार होत्या, पण मामंजींनी तोऱ्यात सांगितले, "पिठलंभात मलाही येतो." तुमचे आजोबा सकाळच्या गाडीने मुंबईला कामावर जात. राहिलो मामंजी आणि मी. ते स्वयंपाकघरात, मी पडवीत. पडवीतून गोठा, नारळ आणि खड्डा सगळे समोर दिसे, आणि हात मात्र लावायचा नाही.

मामंजींनी जन्मात स्वतःचे ताट उचलले नव्हते. त्यांच्या आईने उचलले, मग सासूबाईंनी, मग मी. त्यामुळे ताटातले पुढे कुठे जाते याचा त्यांना पत्ताच नव्हता. पहिल्या दिवशी पिठले करपले. ते त्यांनी खरवडले आणि अगदी मायेने गाईच्या घमेल्यात घातले. गाईने हुंगले आणि तोंड फिरवले. त्यात दारावर कोळीण आली, "मांदेली ताजी हायेत, शिरस्तेदारसाहेब," आणि मामंजींनी पाटीच घेतली. मांदेली साफ करण्यात त्यांची सकाळ गेली, आणि डोकी-खवले सगळे त्यांनी उघड्या खड्ड्यात टाकले. राखबीख काही नाही. चिंध्यांचे रंग त्यांना दिसले, पण त्यांचा अर्थ त्यांनी कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन चढले आणि खड्डा बोलू लागला. कावळे जमले, मांजरे जमली, माशा तर विचारूच नका. शेजारच्या परसातून आवाज आला, "काय हो, कोणी पाहुणा आलाय की काय खड्ड्यात?"

मामंजी नाकाला उपरणे लावून पडवीच्या पायरीशी उभे राहिले. डॉक्टर उद्या सकाळी येणार होते. सासऱ्यांशी तोंड वर करून बोलायची माझी रीत नव्हती, आणि या दिवसांत तर नाहीच. पण गाय समोर होती. मी पदर पुढे ओढून तिच्याकडे बघत म्हणाले, "अगं गाई, तुझ्या घमेल्यात पिठलं कसं आलं गं? शिजलेलं तुला नाही ना चालत. ते काळ्या मडक्यातून खड्ड्यात जातं."

मामंजींनी नाकावरचे उपरणे खाली घेतले. मग तेही गाईकडे वळून म्हणाले, "हो का? आणि मासळी गं?"

"अगं गाई, मासळी खड्ड्यात नाही, नारळाच्या बुंध्याशी. हातभर खळगा करायचा आणि वर माती."

"आता जी पडली आहे ती?"

"ती वेचून काढावी लागेल गं बाई."

गाय शेपूट हलवत होती. मामंजींनी धोतर खोचले, कुदळ घेतली आणि खड्ड्यापाशी उकिडवे बसले. ठाण्याच्या कचेरीतले शिरस्तेदार, म्युनिसिपालिटीचे सभासद, हाताने मांदेलीची डोकी वेचत होते. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून वाकून म्हणाले, "रावसाहेब, काही हरवलं का?"

"अक्कल," मामंजी म्हणाले. "सापडली की कळवतो."

मला पदरात तोंड लपवावे लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी नारळाशी खळगा खणला, मासळी पुरली आणि गाईचे घमेले धुऊन काढले. मग मी गाईला सांगितले की खड्ड्यावर आता आंब्याचा पालापाचोळा आणि राख हवी. किती राख ते सांगायला मी विसरले. मामंजींनी घरातली सगळी राख ओतली. खड्डा पांढराशुभ्र झाला. वास गेला, आणि कावळेही कंटाळून उडून गेले.

रात्री मामंजींनी डॉक्टरांना सांगायचे मुद्दे इंग्रजीत एका कागदावर लिहून काढायचे ठरवले आणि चष्मा शोधू लागले. चष्मा मिळेना. तुमच्या आजोबांनी कोनाडे पाहिले, देवघर पाहिले, पिठाचा डबासुद्धा पाहिला. शेवटी त्यांनी अंदाजानेच मोठमोठ्या अक्षरांत लिहिले.

सकाळी डॉक्टर आले. पारशी होते, उंच, पांढऱ्या कोटात. बरोबर म्युनिसिपालिटीचे दोन सभासद. मी पडवीच्या खांबाआड घोंगडीवर. बोलणे इंग्रजीत चालले होते, मी मराठीत लिहिते. डॉक्टर खड्ड्यावर वाकले, काठीने राख बाजूला केली, पाला उचलला, नाक लावले. पुन्हा नाक लावले. मग म्हणाले, "याला वास नाही. कसे केले?"

मामंजींनी कागद काढला, डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. स्वतःचीच अक्षरे त्यांना लागेनात. मग त्यांनी कागद खिशात घातला, गाईकडे पाहिले आणि सांगायला सुरुवात केली. गाईचे काय, खड्ड्याचे काय, नारळाचे काय, सगळे नीट सांगितले. मी गाईला जे जे म्हणाले होते ते सगळे त्यांच्या तोंडून इंग्रजीत आले, वेलांटीही चुकली नाही.

"आणि राख केव्हा घालायची? आठवड्याने? एवढी?" डॉक्टरांनी त्या पांढऱ्या डोंगराकडे बोट दाखवले.

मामंजींनी पुन्हा गाईकडे पाहिले. गाईने त्यांच्याकडे पाहिले, पण तिला काही येत नव्हते. सभासदांपैकी एक जण हसून म्हणाला, "आज पाहणी म्हणून घातलेली दिसते. उद्या पुन्हा तेच." डॉक्टरांनी मान हलवली. मला सासूबाईंचा गाईच्या गळ्याखालचा हात आठवला.

खांबाआडून मी इंग्रजीत म्हणाले, "रोज, सर. दर जेवणानंतर एक ओंजळ. आज जास्त पडली आहे, कारण घरातली बाई गावाला गेली आहे."

दोन्ही सभासद इकडेतिकडे पाहू लागले. डॉक्टर खांबाकडे वळले, माणूस दिसेना तेव्हा टोपी उचलून खांबालाच म्हणाले, "आभारी आहे, मॅडम." मग मामंजींकडे वळून, "शिरस्तेदारसाहेब, वेगळे करून झाकलेले असे खड्डे बुजवायचे नाहीत. एकत्र कालवलेले बुजवा. आणि तुमच्या गाडीलाही तीन पेट्या लावल्या तर बरे."

गाडीला तीन पेट्या कधी लागल्या नाहीत, हे सांगितले पाहिजे. पण आमचा खड्डा राहिला, आणि आळीतले आणखी काही राहिले. सभासद गेल्यावर मामंजी पायरीशी आले. मी पदर पुढे ओढला. ते गाईला म्हणाले, "गाई, तुझी धनीण आली की तिला सांग, सून हुशार आहे."

गाईने सांगितले की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सासूबाई कल्याणहून भाची झाल्याची साखर घेऊन परतल्या, आणि बोचके खाली न ठेवताच परसात गेल्या. खड्डा पाहिला, नारळाशी वाकल्या, मग भांडी घासायच्या जागी येऊन राखेचे रिकामे मडके उलटे करून बघितले.

"इथे पुरुषाचा हात लागलाय," त्या म्हणाल्या. "आता आठ दिवस भांडी कशाने घासायची? विचार गं त्यांना."

"सांग त्यांना," मामंजी म्हणाले, "मी घासतो."

भांडी त्यांनी घासली नाहीत. पण त्या दिवसापासून जेवण झाले की ते स्वतःचे ताट उचलून परसात नेत, खरकटे मडक्यात टाकत आणि एक ओंजळ राख खड्ड्यात. एकच ओंजळ, आणि ती घालताना गाईला दाखवत. हरवलेल्या अकलेची गोष्ट तोवर आळीभर झाली होती, आणि बायका कुंपणाआडून बघायला येत. मामंजींना ते ठाऊक असे, आणि मला वाटते आवडतही असे.

चष्मा नवा करावा लागला. जुन्याचा विषय निघाला की ते तुमच्या आजोबांवर संशय घेत.

पावसाळ्याच्या तोंडावर बाळकुमची गाडी आली. शेतकरी फावड्याने खत भरत होता, सासूबाई गूळपाणी घेऊन उभ्या होत्या, मामंजी ओसरीवर पेपर वाचत होते. एकदम फावडे थांबले.

"काकी! तुमीच बोलल्याव ना, काच गावली तर येऊन सांग?"

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. "काच? माझ्या खड्ड्यात?"

शेतकऱ्याने चिमटीत धरून काहीतरी वर केले. चांदीच्या काड्या काळ्या पडल्या होत्या, पण दोन्ही भिंगे शाबूत होती. त्याने ती पंच्याला पुसली आणि स्वतःच्या नाकावर ठेवून आमच्याकडे पाहिले.

"या वर्साला खताला डोलं फुटलं गो, काकी!"

सासूबाई एवढ्या हसल्या की त्यांना गोठ्याच्या खांबाला धरावे लागले. त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. जन्मात पहिल्यांदा, शेतकऱ्यासमोर, ओसरीकडे तोंड करून सरळ हाक मारली, "अहो! तुमची अक्कल सापडली! घेऊन जा!"

मामंजी आले, चष्मा घेतला, लिंबाच्या सालीने घासून नाकावर चढवला आणि खड्ड्यात वाकून नीट पाहिले. गाडी भरून गेली. सुगीनंतर पेंढा आला, आणि गाय पुढे कितीतरी वर्षे आमच्याच गोठ्यात होती.