तहकूब

आज ग्रामपंचायतीच्या पायरीवर चपलांना जागा उरली नव्हती. माझ्या मी रस्त्यावरच काढल्या.

आमच्याकडे ग्रामसभा म्हटली की एकच शब्द: तहकूब. माणसं कमी म्हणून सभा पुढे ढकलायची. तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग पाचजणांत गावाचे ठराव मंजूर! गेल्या खेपेलाही ग्रामसेवक म्हणाले, "बाई, तहकूब करू या?"

सरपंचबाईंनी विचारलं, "भाऊसाहेब, नळाला पाणी यायच्या वेळी सभा ठेवली तर बायका येतील कशा? पुढची दुपारी घ्या, आणि कोरम भरल्याशिवाय ठराव नको."

कारभाराला फार अक्कल लागत नाही. कुणाकडे पाणी कधी येतं, एवढं ठाऊक हवं.

आजची सभा कोरम भरून सुटली. गर्दीत माझी एक चप्पल सापडेना. दुसरी हातात धरून मी अनवाणीच घरी आलो, अगदी मिरवत.