फ्राऊ हुबरने न केलेला फोन

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वाचून हसलेय. मी नर्स. सातारा जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली नऊ वर्षं ज्या क्वार्टरमध्ये काढली तिच्या मागच्या भिंतीला लागून स्मशान होतं. मला तिथे डासांशिवाय कशाचा त्रास झाला नाही. अंगात आलेली बाई समोर आली की मी आधी तिचं बीपी बघायची, मग हिमोग्लोबिन. बहुतेक वेळा त्यातच उत्तर सापडायचं. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही माझ्यावर संशय घेतलात तर माझी काही तक्रार नाही. मी स्वतःही अजून घेते...

साल २००७. जर्मनीतलं रेगेन्सबर्ग. माझी मुलगी मृदुला आणि जावई समीरराव तिथे राहायचे. समीरराव गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. घर स्टेशनपासून बसने चार स्टॉप, तिसरा मजला, लिफ्ट नाही. फोन दारातल्या पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटावर ठेवलेला. इतकं नेमकं सांगतेय कारण सगळं त्या फोनपाशीच अडलंय.

मृदुलाचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. या खेपेला सहाव्या महिन्यापासून बीपी वर जायला लागलं, म्हणून मी तीन महिन्यांचा व्हिसा काढून गेले. तिथली पद्धत अशी, की अशा अवघड केसमध्ये क्लिनिकचे डॉक्टर आणि हेबामे मिळून काम करतात. हेबामे म्हणजे सुईण, पण रीतसर शिकलेली, परवाना असलेली. पंधरा दिवसांतून एकदा डॉक्टरीणबाईंकडे जायचं, आणि मधल्या काळात आठवड्यातून दोनदा हेबामे घरी येणार. बीपी, लघवी, बाळाचे ठोके, सगळं ती एका निळ्या वहीत लिहिणार. त्या वहीला मुटरपास म्हणतात. डॉक्टरीणबाई आधी ती वही वाचायच्या, मगच तोंड उघडायच्या.

आमची हेबामे फ्राऊ हुबर, म्हणजे हुबरबाई. पंचावन्नच्या आसपासची, थोराड बांध्याची, केस बारीक कापलेले. आठवड्याचे काही दिवस घरोघरी फिरायची, बाकीचे दिवस त्याच क्लिनिकच्या प्रसूतिगृहात ड्युटी. इंग्रजीत तिला ‘गुड’ एवढंच यायचं. मला जर्मन ‘डांके’ म्हणजे धन्यवाद, एवढ्यापुरतं. मध्ये मृदुला दुभाषी.

मला ती आवडली नाही. कमी बोलायची, पोटावर हात ठेवला की डोळे मिटायची आणि मिनिट-मिनिट तशीच बसायची. आमच्याकडे अशा डोळे मिटणाऱ्या सुईणी मी पुष्कळ पाहिल्या होत्या, त्यांच्या हातून बिघडलेल्या केसेस निस्तरल्याही होत्या. आणि तिने मला एकदाही मृदुलाचं बीपी बघू दिलं नाही.

मी माझं मशीन साताऱ्याहून नेलं होतंच. ती गेली की मी बघायची. तिच्या वहीत एकशे पस्तीस, माझ्याकडे एकशे पन्नास. एकदा नाही, चार वेळा. माझी खात्रीच झाली की ही बाई आकडे कमी लिहितेय.

पाचव्या वेळी मी तिच्यासमोर माझं मशीन ठेवलं.

“आई, कशाला?” मृदुला म्हणाली.

“विचार तिला, माझ्यात पंधरा जास्त का येतं.”

मृदुलाने अवघडत विचारलं. फ्राऊ हुबरने माझं मशीन स्वतःच्या दंडाला बांधलं, आकडा बघितला, मग स्वतःचं बांधलं. नंतर दोन्ही माझ्या दंडाला लावून बघितली. प्रत्येक वेळी माझं मशीन जास्तच दाखवत होतं.

“ती म्हणतेय, तुझं मशीन बिघडलंय. विमानात आपटलं असेल.” मृदुलाला हसू आवरत नव्हतं. “आणि म्हणतेय, तुझ्या आईचा हात चांगला आहे. मशीन बदला.”

मी मान हलवली. मनात म्हटलं, तुझंच बरोबर कशावरून?

त्यानंतर दीड आठवड्याने, बुधवारी, हे घडलं. तेहतिसावा आठवडा चालू होता. सोमवारी फ्राऊ हुबर येऊन गेली होती, सगळं ठीक असल्याचं लिहून. समीरराव कामावर. दुपारी मृदुलाने थोडी मुगाची खिचडी खाल्ली आणि म्हणाली, “आई, छातीखाली जळजळतंय.” मी थंड दूध दिलं. आठव्या महिन्यात कोणाला ॲसिडिटी होत नाही? ती आडवी झाली. मी ओटा पुसायला घेतला.

फोन वाजला. एरवी मी उचलत नसे. जर्मनमध्ये कोणी बोललं तर काय करणार? पण मृदुलाचा नुकताच डोळा लागला होता, आवाजाने जागी होईल म्हणून धावत जाऊन उचलला. डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे फोनवर नाव कोणाचं आलंय ते दिसलं नाही.

आवाज फ्राऊ हुबरचा. त्यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. तोच जाडसर, घाई नसलेला आवाज. ती म्हणाली की मृदुलाला उजव्या बाजूला, बरगडीखाली दुखतंय. ती ॲसिडिटी नाही. तिला घेऊन आत्ता क्लिनिकला या. बसने नको, टॅक्सीने.

मी “हो” म्हटलं. फोन बंद झाला.

मृदुलाला उठवलं. “नेमकं कुठे जळजळतंय? हाताने दाखव.”

तिने हात ठेवला तो उजव्या बाजूला, बरगडीखाली. आणि म्हणाली, “सकाळपासून दुखतंय गं. तू काळजी करशील म्हणून बोलले नाही.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत बीपी वाढलेल्या गरोदर बाईचं असं दुखणं किती धोक्याचं असतं ते मला माहीत नव्हतं असं नाही. पण समोर पोटची पोरगी होती, आणि मी तिला ॲसिडिटी समजून दूध पाजलं होतं.

तिनेच टॅक्सी बोलावली. क्लिनिकच्या काउंटरवरची बाई म्हणाली, तुमची अपॉइंटमेंट नाही. मृदुलाने सांगितलं, फ्राऊ हुबरने बोलावलंय. तेवढ्यात आतल्या दारातून फ्राऊ हुबर स्वतःच बाहेर आली, अंगात हिरवा गाऊन. आम्हाला बघून थबकली. तिने मृदुलाला काही विचारलं, मृदुलाने उत्तर दिलं, आणि फ्राऊ हुबरने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी विसरले नाही. चोरी करताना पकडावं तसं बघणं होतं. पण आम्हा दोघींपैकी चोर कोण, ते मला कळलं नाही.

वाद मात्र तिने घातला नाही. मृदुलाचा चेहरा एकदा बघितला आणि सरळ व्हीलचेअर ओढली. बीपी एकशे सत्तरच्या वर. रक्त घेतलं. प्लेटलेट्स घसरायला लागलेल्या, लिव्हरचे रिपोर्ट वाईट. दोन डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि फ्राऊ हुबर, सगळे मिळून तिला आत घेऊन गेले. समीरराव धापा टाकत पोचले तोवर सिझेरियन सुरू झालं होतं. मुलगी झाली. अठराशे ग्रॅम, रडली. मृदुला दोन दिवस आयसीयूत होती. नंतर डॉक्टरीणबाई समीररावांना म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत घरी थांबला असतात तर कठीण होतं.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर समीररावांनी मला विचारलं, “आई, फोनवर फ्राऊ हुबर कोणत्या भाषेत बोलली?”

मी आठवायला लागले.

“मराठीत?”

“छे, तिला कुठलं मराठी?”

“मग जर्मनमध्ये? तुम्हाला कळलं?”

मला एकही शब्द आठवेना. ती काय म्हणाली ते सगळं आठवत होतं, अगदी टॅक्सीसकट. पण शब्द नाहीत. नुसता आवाज आणि त्याचा अर्थ. दोन्हीच्या मधलं जे काही असतं ते नव्हतंच.

समीरराव चांगले आहेत, त्यांनी चेष्टा केली नाही. म्हणाले, “आई, ते तुम्हीच ओळखलंत. इतक्या वर्षांचा अनुभव आहे. मनाने फोन आला असं रंगवलं असेल.”

मलाही ते पटत आलं होतं. पण घरी जाऊन त्यांनी फोनमधली आलेल्या कॉलची यादी उघडली. दुपारी एक बावन्न. समोर नाव होतं हेबामे. फ्राऊ हुबरचा मोबाइल नंबर त्यांनीच त्या नावाने सेव्ह केला होता. त्यांनी डिजिटल कॅमेऱ्याने स्क्रीनचा फोटो काढला.

आणि इथून प्रकरण वाईट वळणाला लागलं. शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. तिथे फोनवर दिलेला साधा सल्लाही लिहून ठेवावा लागतो, आणि फ्राऊ हुबरने काहीच लिहिलेलं नव्हतं. ती म्हणत होती, मी फोन केलाच नाही. बारापासून आम्ही पोचेपर्यंत ती एका बाळंतपणात होती, सोबत आणखी दोघी. मोबाइल कपाटात, बंद. तिने तो उघडून दाखवलाही होता, त्यात कॉल नव्हता. डॉक्टरीणबाई समीररावांना म्हणाल्या, “हे बघा, कॉल काय, डिलीट करता येतो.” त्यांचा संशय वेगळाच होता. सोमवारी फ्राऊ हुबरला दुखण्याचं लक्षण दिसलं असेल, तिने दुर्लक्ष केलं असेल, आणि बुधवारी घाबरून हळूच फोन केला असेल. तसं असेल तर तिचं त्या क्लिनिकमधलं काम संपलं.

खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. मशीनचा राग होताच.

डॉक्टरीणबाईंनी मला सरळ विचारलं. समीररावांनी मराठीत सांगितलं, “आई, त्या विचारतायत, फ्राऊ हुबरने फोन केला का? हो की नाही?”

हो म्हटलं तर एका बाईची नोकरी जाणार. नाही म्हटलं तर खोटं. फ्राऊ हुबर भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. माझ्याकडे बघत नव्हती.

मी म्हटलं, “त्यांना सांगा, आवाज तिचा होता. पण मला जर्मन येत नाही आणि तिला मराठी येत नाही. तरी मला सगळं कळलं. हे कसं ते मला सांगता येत नाही.”

समीररावांनी ते सांगायला बराच वेळ घेतला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता ह्या मला वेड्यात काढणार. पण त्यांनी मी काय काम करायची ते विचारलं. नर्स म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाल्या आणि फाइलमध्ये एक वाक्य लिहिलं. समीररावांनी मला वाचून दाखवलं: रुग्णाच्या आईने, ज्या प्रशिक्षित परिचारिका आहेत, लक्षणं ओळखून रुग्णाला आणलं.

मी गप्प राहिले. सगळ्यांचीच सोय झाली होती.

घरी आल्यावर बाळंतिणीला बघायला हेबामे येतेच. फ्राऊ हुबरच यायची. आधीपेक्षाही कमी बोलायची. मृदुलाचे टाके बघायची, दूध उतरतंय का बघायची, निघून जायची. मी चहा द्यायची, ती अर्धा ठेवायची. मी तिच्यावर पाळत ठेवून आणि ती माझ्यावर. मृदुला एकदा म्हणाली, “आई, तिला वाटतंय तू बनाव रचलास. दूध पाजून गप्प बसलीस ते झाकायला.” मला राग यायला हवा होता. पण तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

मी परत निघायच्या आठवड्यात ती शेवटची आली. पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. मोबाइल कंपनीकडून मागवलेली, त्या महिन्यात तिने लावलेल्या सगळ्या कॉलची यादी. त्या बुधवारच्या ओळींवर बोट ठेवलं. सकाळी आठला एक कॉल, मग थेट संध्याकाळी सहाला. मधे काही नाही.

मी आत जाऊन समीररावांनी छापून आणलेला फोटो घेऊन आले आणि तिच्या कागदाशेजारी ठेवला. दुपारी एक बावन्न, हेबामे.

आम्ही दोघी त्या दोन कागदांकडे बघत बसलो. आतल्या खोलीत बाळ कुरकुरत होतं, कोणी उठलं नाही.

मग ती मृदुलाशी बोलली, सावकाश. मृदुलाने सांगितलं, “ती म्हणतेय, क्लिनिकमधले लोक तिला विचारतात, तुला तेव्हा आतून काहीतरी जाणवलं असेल ना? तिला हो म्हणायला आवडलं असतं. पण एक बावन्नला तिच्या हातात दुसऱ्या बाईच्या बाळाचं डोकं होतं. तिला माझी आठवणसुद्धा नव्हती. सोमवारी तिला काहीही दिसलं नव्हतं. आणि ते दिसायला हवं होतं का, या विचाराने तिला झोप लागत नाही.”

“तिला सांग,” मी म्हटलं, “दिसायला मलाही हवं होतं. मी तर त्याच घरात होते.”

मृदुलाने सांगितलं. फ्राऊ हुबर म्हणाली, “या.” त्यांच्यात ‘या’ म्हणजे हो. चहा या वेळी पूर्ण प्यायली आणि गेली. तिचा कागद तिने नेला, माझा मी ठेवला. तो अजून आहे माझ्याकडे. तिची-माझी पुन्हा भेट झाली नाही.

समीररावांनी पुढे कामावरच्या टेलिफोनवाल्या लोकांना विचारलं. कोणी म्हणालं एक्स्चेंजमधली गडबड, कोणी म्हणालं फोनचं घड्याळ चुकलं असेल, जुना कॉल नव्या वेळेने दिसला असेल. असेलही. त्याने यादीचा उलगडा होईल, पण मी ऐकलं त्याचा नाही. मेंदूचे डॉक्टर असलेल्या एका ओळखीच्यांनाही मी विचारलं. त्यांनी समीररावांचंच उत्तर दिलं, फक्त इंग्रजीत.

तर असं आहे. तुमच्यापैकी कोणाला पटणारा खुलासा सुचला तर जरूर लिहा, मी ऐकेन आणि बहुधा त्यावरही संशय घेईन. कधी मला वाटतं फ्राऊ हुबर खोटं बोलली. कधी वाटतं माझ्याच डोक्याने खेळ केला. दोन्हींपैकी एकावर विश्वास ठेवता आला असता तर बरं झालं असतं. एवढं मात्र मी शपथेवर सांगू शकते, की त्या क्लिनिकच्या फाइलमध्ये माझ्याबद्दल जे लिहिलंय ते खोटं आहे. मी काहीही ओळखलं नव्हतं. मी ओटा पुसत होते.