वाळुंजावरचे भुंगेरे

गेल्या आठवड्यात सकाळी आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, नदीवरून आले ते मूठ मिटूनच. उघडली तर आत इवलेसे भुंगेरे... मसुराच्या दाण्याएवढे, निळे-हिरवे, चकचकीत. मी चाकणला गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये आहे, पण असा मेटॅलिक शेड आमच्याकडेही निघत नाही.

"वाळुंजाच्या पानांची पार चाळण केली यांनी," अण्णा म्हणाले.

निघोज्यात नदीच्या काठावर आमचं हे एवढं वाळुंजाचं झाड उरलंय. बाकी जमीन कंपन्यांत गेली. तेव्हापासून अण्णा ओट्यावर बसून कंपनीच्या बस मोजल्यासारखे बघत असतात. काही विचारलं तर "बरं हाय" एवढंच. खायला-प्यायला कमी नाही, पण माणसाची रया गेली.

त्या दिवशी मात्र माळ्यावरचा फवारणीचा पंप खाली आला. निंबोळ्या कुटून, फडक्यात बांधून भिजत घातल्या. मला पंपाचा वायसर आणायला पिटाळलं, आणि चुकीचा आणला म्हणून शिव्याही घातल्या... फार वर्षांनी खाल्ल्या, बरं वाटलं.

कृषी खात्यातल्या मित्राला फोटो पाठवला. तो म्हणाला, या किड्यानं झाड मरत नाही, नवी पालवी आपोआप येते, काही मारायची गरज नाही. अण्णांना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. नाहीच सांगितलं.

मग रोज सकाळी तोंडाला टॉवेल बांधून, वारा बघून फवारणी. दुपारी एक भाकरी जास्त. आईसुद्धा हसायला लागली.

परवा पंप धुऊन पालथा घातलेला दिसला. "गेले का भुंगेरे?" मी विचारलं.

"गेले. पालवी फुटली," म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. चेहरा मात्र मयतीवरून आल्यासारखा.

जेवताना हळूच म्हणाले, "तुमच्या कंपनीत झाडं हायती ना रं? किडबिड लागलीय का, बघ जरा."

बघतो म्हणालो. कंपनीच्या बागेला कॉन्ट्रॅक्टर आहे, अण्णांना गेटच्या आत कोण घेणार...

आज शिफ्ट सुटल्यावर पार्किंगमधल्या झाडांची पानं उलटीपालटी करून बघत होतो. सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, "काय हरवलं का, भाऊ?"

सगळी पानं हिरवीगार, एकाला भोक नाही. झाडं निरोगी आहेत याचं इतकं वाईट वाटेल असं कधी वाटलं नव्हतं... आता घरी जाऊन अण्णांना काय सांगू?