चुन्याची रेघ

ओल्या चुन्याचा वास आला की मला नामपल्लीचं ते मैदान आठवतं. देश स्वतंत्र झाला होता, पण आमचं निजामी राज्य स्वतःला वेगळा मुल्क म्हणवत होतं. त्यामुळे सोलापूरचा क्लब आमच्याशी बास्केटबॉलची फायनल खेळायला आला, तर फलकावर झोकात 'दो मुल्कों का मुक़ाबला' लिहिलेलं. त्यांचा कप्तान माझा सख्खा मावसभाऊ. सकाळी आम्ही एकाच ताटात जेवलो होतो. आम्ही दोन गुणांनी हरलो. बक्षिसाच्या वेळी, बक्षीस द्यायला आलेल्या निजामी अफसरानं मैदानात मधोमध चुन्याची रेघ मारायला लावली आणि फर्मावलं, "अपने-अपने मुल्क की तरफ ठहरो!" मावसभावानं माझा हात धरला, तो मी सोडलाच नाही. बघता बघता दोन्ही संघ एकमेकांत मिसळले. अफसर भडकून ओरडला, तसे पहिल्या रांगेतले माझे वडील उठले. ते त्याच्याच दफ्तरात कारकून होते. वाटलं, आता मला फरफटत नेणार. पण ते शेरवानी सावरत आले, नेमके त्या रेघेवर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "दोनों मेरे घर के बच्चे हैं साब, मेरेकु किधर ठहराते?" त्यांची नोकरी गेली. आता माझे गुडघे गेलेत, तरी कुठे चुन्याची रेघ दिसली की चप्पल घासून मी ती पुसतोच.