पत्रिकेत छापलेली काकी

नोकरीतल्या बऱ्याच केसेस विसरलो. ही मात्र कालच घडल्यासारखी वाटते. निवृत्तीच्या थोडं आधी मी किनाऱ्यावरच्या नाटे गावाजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी हजेरी उरकत असताना पन्नाशीचा एक गृहस्थ लेखी तक्रार घेऊन आला. त्याचा थोरला भाऊ, मासेमारी नौका चालवणारा तांडेल, महिन्यापूर्वी वारला होता. 'भावाची मोलकरीण त्याचे घर बळकावून बसली आहे, तिला बाहेर काढावे,' अशी मागणी होती.

बाईला बोलावून जबाब घेतला. ती म्हणाली, "वीस वर्षं आम्ही एकत्र राह्यलो. मी विधवा, म्हणून सासूबाय लग्नाला तयार नव्हत्या. त्या गेल्या, पण लग्न राहूनच गेला."

"काही कागद?"

"एक पण नाय, सायब." मग तिने विचारलं, "आज घरी जाऊ ना मी?"

तिला घरी पाठवलं. पण खरं सांगतो, तेव्हा मला तक्रारदाराचंच म्हणणं पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेटीवर चौकशी केली. तक्रारदाराच्या धाकाने कोणी बोलेना. शेवटी एक मासेविक्रेती हळूच म्हणाली, "त्या धाकट्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका बघा." कागद नाही म्हणणाऱ्या त्या बाईच्याच घरात ती जपून ठेवलेली निघाली.

दुपारी तक्रारदाराला समोर बसवलं.

"ती बाई कधीपासून त्या घरात आहे?"

"असेल तीन-चार वर्षं. भांडी घासायला."

"मुलीचं लग्न कधी झालं?"

"आठ वर्षं झाली."

मी पत्रिका टेबलावर ठेवली. निमंत्रकांत भावाचं नाव होतं, त्याच्या शेजारी 'सौ.' लावून तिचं. मी त्या नावावर बोट ठेवलं.

पत्रिका बाजूला सारत तो म्हणाला, "पोरगी हट्टालाच पेटली होती. काकीनंच वाढवलेली तिला."

'काकी' हा शब्द मी जबाबात तसाच लिहून घेतला.

घराचा हक्क ठरवणं पोलिसांचं काम नाही. त्याला दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवला, आणि तोवर घराला हात लावू नकोस, अशी समज दिली. बाईला पत्र देऊन कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवलं. पुढे तो कोर्टात गेला, तेव्हा त्याची तीच मुलगी मुंबईहून येऊन वडिलांच्या विरोधात, काकीच्या बाजूने उभी राहिली. तांडेल आणि ती बाई, दोघांनाही दुसरा जोडीदार नव्हता. इतकी वर्षं पतिपत्नीसारखे राहिलेल्यांना कायदा विवाहित मानतो, तसं नाही हे आक्षेप घेणाऱ्याने सिद्ध करायचं, असं कोर्टाने म्हटलं. घर तिच्याकडे राहिलं.

तोवर अशा बाईला मी पहिल्यांदा लग्नाचा दाखला मागायचो. त्यानंतर विचारू लागलो, "गाव तुम्हाला कोण म्हणून ओळखतं?" कायद्यात या प्रश्नाला आधीपासून जागा होती. ती मला फार उशिरा कळली.