खडू न धरणाऱ्या बाई

वर्गात पाऊल टाकलं की बाई पहिलं वाक्य हेच बोलायच्या, "हं, आज खडू कोण घेणार?"

पहिलीतली बावीस पोरं सतरंजीवरून उठून फळ्याकडं पळायची. ज्याच्या हाती खडू लागेल तो त्या दिवसाचा गुरुजी. त्यानं फळ्यावर 'क' काढायचा, बाकीच्यांनी तो कुठं चुकला ते ओरडून सांगायचं, आणि बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेऊन खिडकीजवळच्या उन्हात उभं राहून म्हणायचं, "बराबर. आता त्याच्या पोटाला जरा गोलाई दे."

बदनापूरपासून आत, फाट्यावरून आठ किलोमीटरवर आमची जिल्हा परिषदेची शाळा. मी तिथं सहावी-सातवीला शिकवतो. माझ्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. तीर्थपुरीकडं आमचे वडील आजही पाहुण्यांना माझी ओळख करून देताना आधी "बीए बीएड" म्हणतात आणि नाव मागून सांगतात. मला त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. पण शिकलं की माणसाला दिसायला लागतं असं जे म्हणतात, त्याबद्दल माझी थोडी तक्रार आहे. मी पाच वर्षं बाईंच्या शेजारच्या वर्गात होतो. मधे एक भिंत, तीही अर्धीच. मला काही दिसलं नाही.

दिसलं ते एवढंच, की बाई राजेशाही आहेत. घंटा पोरं वाजवणार, खिडक्या पोरं उघडणार, डब्याचं झाकण त्यांची मुलगी काढून देणार. आमचे एक जुने गुरुजी म्हणायचे, "नोकरी करावी तर बाईंसारखी. हाताला काम न्हाई अन् पगार बराबर." कोणी तोंडावर विचारलंच, "बाई, हात दुखून राह्यले का?" तर उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?" आणि हात पदरात आणखी आत जायचे.

तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. आपण तिला आळशी म्हणतो किंवा थोर म्हणतो. मधलं काही आपल्याला सुचत नाही. आम्ही आधी आळशी म्हणालो. मग केंद्रप्रमुख साहेब आले आणि बाई थोर झाल्या.

ते थंडीतल्या एका सकाळी न कळवता आले. पहिलीच्या दारात उभं राहून त्यांनी पाच मिनिटं पाहिलं. एक पोरगं फळ्यावर शिकवतंय, एकवीस पोरं त्याच्या चुका काढताहेत, बाई खिडकीत शांत उभ्या.

"बाई, ही पद्धत कोणाची?"

बाई घाबरल्या. म्हणाल्या, "पोरांचीच, साहेब."

साहेबांना असं उत्तर आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. तिथंच म्हणाले, "अहवाल द्या. हा उपक्रम होऊ शकतो."

अहवाल मी लिहिला. बाई म्हणाल्या, "तुमचं अक्षर चांगलं हाय, सर, तुम्हीच लिहा," आणि मला ते पटलं. 'खडू माझ्या हाती' हे नाव मी दिलं. त्यात 'शिक्षकाचा सहेतुक अलिप्तपणा' असा एक शब्दप्रयोग घातला, तो माझा स्वतःचा. त्यावर मी महिनाभर खूश होतो. दुपारच्या सुट्टीनंतर बाई स्वतः फळ्यावर लिहायच्या, हेही मी पाहिलेलं. तेही नोंदवलं. 'पूर्वार्धात बालकृती, उत्तरार्धात दृढीकरण.' सकाळी आखडलेली बोटं दुपारपर्यंत ऊन लागून सैल होतात, इतकं साधं कारण बीए बीएडच्या डोक्यात शिरत नसतं.

पंधरा दिवसांत केंद्रातल्या सगळ्या शाळांना पत्र गेलं, दुपारच्या सुट्टीपर्यंत शिक्षकांनी खडू हातात धरू नये. चाळीस धडधाकट माणसं रोज सकाळी हात बांधून वर्गात उभी राहायला लागली. एका गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं, ते रडकुंडीला आले. साहेबांनी त्यांना समजावलं, "अहंकार सोडा, गुरुजी."

आता बाईंच्या मुलीबद्दल सांगायला पाहिजे. तिचं नाव अक्षरा. माझ्याच वर्गात, सातवीत. मायलेकी रोज जालन्यातल्या मस्तगडहून सोबत यायच्या, स्टँडवरून जीपनं. ही मुलगी आधी जालन्यात चांगल्या इंग्रजी शाळेत होती. चौथीत रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. दोनदा सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढून झाली. पोटात काही निघालं नाही. शेवटी कंटाळून बाईंनी तिला आपल्याबरोबर आमच्या शाळेत आणलं आणि पोट दुखायचं थांबलं. का थांबलं, हे कोणी विचारलं नाही. उलट पेपरात फोटो आला. शिक्षिकेनं स्वतःची मुलगी सरकारी शाळेत घातली, आदर्श घालून दिला! गावानं सत्कार केला. शाल बाईंच्या खांद्यावर टाकली, नारळ पुढं केला, तो अक्षरानं चटकन मधे येऊन घेतला. लोक म्हणाले, किती समजदार!

समजदार तर ती होतीच. मधल्या सुट्टीत खेळायची नाही. वऱ्हांड्यात अशा जागी बसायची, जिथून पहिलीचं दार दिसेल. आईच्या पर्सची चेन, चपलेचा पट्टा, पाण्याची बाटली, सगळं बोलायच्या आधी करायची. मस्तगडला त्यांच्या शेजारी एक काकू राहतात. त्या कौतुकानं म्हणायच्या, "पोर न्हाई, म्हातारी हाय म्हातारी!" मीही घरी तिचं उदाहरण द्यायचो. माझी बायको दहावी शिकलेली. ती एकदा म्हणाली, "ते समदं ठीक हाय. पण ती पोरगी हसती का कधी?" मी म्हणालो, तुला यातलं काय कळतं.

अक्षराची डावी भुवई अर्धीच होती. बसल्या बसल्या ती एकेक केस ओढून काढायची. मला गजकर्ण वाटलं. मी बाईंना एका मलमाचं नाव सांगितलं.

मग आमच्या शाळेत शिक्षण परिषद भरली. केंद्रातले सगळे गुरुजी, बाई, दारात रांगोळी, फळ्याच्या वर फलक. पहिलीच्या पोरांनी उपक्रम झकास करून दाखवला. कार्यक्रमात पुढं चहा होता. पण साहेबांना उत्साह आला. त्यांनी अक्षराला पुढं बोलावलं.

"या बाईंच्या कन्या. सांग बेटा, आईकडून तू काय शिकलीस?"

अक्षरा सरळ उभी राहिली, हात बाजूला. कविता म्हणून दाखवावी तसं सांगायला लागली.

"साडेपाचला उठते. आईची मूठ बघते. मूठ वळली तर चहा ठेवते. अर्धी वळली तर गरम पाण्याचं घमेलं देते. बिलकुल वळली न्हाई तर बाबांना सांगत न्हाई, कारण आई सांगू नको म्हणती. वेणी मी घालते. साडीची पिन मी लावते. आई बाथरूममधी गेली की बाहेर उभी राहून पन्नासपर्यंत म्हणते. आवाज आला न्हाई तर दार वाजवते. इंग्लिश शाळेत जात होते तव्हा आई दिसत नव्हती, मंग पोट दुखायचं."

साहेबांनी टाळी वाजवली. "याला म्हणतात संस्कार!" चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. अक्षराचं मात्र संपलं नव्हतं. त्या गलक्यात ती बोलतच होती. पुढच्या रांगेत होतो म्हणून मला ऐकू आलं, "...आणि आईला मरू द्यायचं न्हाई."

बाईंनीही ते ऐकलं. त्या उठल्या. पदराखालून दोन्ही हात काढले आणि सगळ्यांसमोर वर धरले. सांधे सुजून बोरांएवढे झालेले, बोटं करंगळीच्या बाजूला कललेली, वाऱ्यानं ज्वारी कलावी तशी.

"टाळ्या बंद करा," त्या म्हणाल्या. "साहेब, हा उपक्रम न्हाई. हा आजार हाय. नऊ वर्षं झाली. मला सकाळी खडू धरता येत न्हाई, म्हणून मी तो पोरांच्या हातात देत होते. अन् माझ्या लेकीनं आत्ता सांगितलं, त्याला संस्कार म्हणू नका. माझं दुखणं मी लपवलं, ते ती उचलून राह्यली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "पण बाई, अहवाल वरती गेलाय."

त्या दिवशी जीपची वाट पाहताना बाई मला म्हणाल्या, "सर, तुमचा अहवाल लई चांगला होता. आता एक अर्ज लिहून द्या. रजेचा. साध्या मराठीत." मी चार ओळींत लिहिला. माझ्या हातून लिहिलं गेलेलं ते पहिलं उपयोगी लिखाण असावं.

दोघींचे दोन डॉक्टर सुरू झाले, एक सांध्यांचे आणि एक मनाचे. नंतर शाळेत आल्या तेव्हा बाईंनी मला सांगितलं. "सांध्यांचे डॉक्टर म्हणाले, अंगातले पहारेकरीच फितूर झालेत, चोर सोडून घरच्यालाच मारून राह्यलेत. तुम्ही लवकर आला असतात तर बोटं वाचली असती. मला वाटायचं, गोळ्या लपूनछपून खाल्ल्या की भागलं. पोरीला कशाला घोर लावायचा? तिला काही माहीतच न्हाई असं धरून चालले मी."

"मग?"

"मंग मनाच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, तिला सगळं दिसत होतं, फक्त सांगितलं कोणी न्हाई. आईला काय झालंय हे सांगितलं न्हाई तर लेकरू स्वतःच जुळवत बसतं, अन् खऱ्यापेक्षा वाईट जुळवतं. माझी पोर तीन वर्षं रोज मला मारून परत जिवंत करीत होती, सर. अन् मी सत्कार घेऊन आले."

मस्तगडच्या काकूंनी अर्थातच विचारलं, "येड्यांच्या डॉक्टरकडं नेली म्हणे पोरीला? उद्या स्थळं कशी येतील?" बाई म्हणाल्या, "काकू, मूठ वळत न्हाई माझी, पण तोंड अजून बराबर चालतंय. जाऊ द्या मला." लोकांना आजार सांगितला की लगेच निर्गुडीचा पाला, तांब्याचं कडं, एरंडेल सुचतं. पोरीचं मन म्हटलं की फक्त तिचं लग्न सुचतं.

सगळं सोपं झालं असं समजू नका. आजारपणाच्या कारणावरून बाईंची बदली मस्तगडजवळच्या शाळेत झाली, पायी जाण्यासारखी. अक्षरा आठवीला दुसऱ्या शाळेत एकटी जायला लागली आणि पहिल्याच महिन्यात तीनदा तास सोडून घरी पळाली. मग घरात नियम झाला. आईनं सकाळी एकदाच हात कसे आहेत ते खरं सांगायचं, दुखत असतील तर दुखतात म्हणायचं, आणि वेणी-पिन-घमेलं हे काम बाबांनी करायचं. बाबा सळईच्या कारखान्यात काम करतात. साडीची पिन लावायला त्यांना पंधरा दिवस लागले शिकायला. भुवई अजून कधी कधी विरळ होते. डॉक्टरीण बाईंनी आधीच सांगितलंय, हे वर्षांचं काम आहे.

आमच्या शाळेत बाईंच्या जागी नवीन गुरुजी आलेत. तरणेबांड. सकाळी खिडकीत हात बांधून उभे असतात. पत्र कोणी मागं घेतलेलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मस्तगडला त्यांच्या घरी गेलो. दहा वाजून गेले होते. काकूंनी मला दारातच गाठलं.

"तुम्ही गुरुजी होते ना तिचे? समजवा जरा. पोर बिघडली! इतकं ऊन आलं तरी अंथरुणात. आईला उलटून बोलती. काल दार आपटलं, माझ्या भिंतीवरची फ्रेम पडली!"

मी आत गेलो. बाबा चहा गाळत होते. बाई पलंगावर बसल्या होत्या, मोकळे हात मांडीवर. आतल्या खोलीत गोधडीबाहेर एक पाय दिसत होता. सवयीनं मी घसा साफ केला आणि मास्तरी आवाजात हाक मारली, "अक्षरा!"

बाई घाईघाईनं म्हणाल्या, "उठवू नका, सर. झोपून राह्यली तर झोपू द्या."

आतून गोधडीतूनच आवाज आला, "आई, हळू बोल ना! सारखी कटकट!"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. चेहरा असा, की जणू पोरगी बोर्डात आली.

"ऐकलं का?" त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्यावर ओरडती."