घामाचा दवाखाना

बालाघाट स्टेशनवर गोंदियाला जाणारी छोटी गाडी उभी होती आणि आमचं रडून झालं होतं. गार्डने शिटी दिली, आईने पदर डोळ्यांना लावला, मी खिडकीतून हात हलवला, आणि गाडी काही हलली नाही. निरोपाचं सगळं बोलून संपलं होतं, त्यामुळे आता काय करावं ते कुणालाच सुचेना. शेवटी आईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"पह्यलं बाळंतपण घरी कराचं. तिकडं कोन्या गोऱ्या बाईच्या हाती पडू नको."

बाबा तिला म्हणाले, "ते काय परसवाड्याच्या बाजाराले जाऊन राह्यली का? इलायतेले चालली ते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दवाखान्यात गेली तं मान वर ठेवजो. घामाचं औषध घ्याचं. फुकटाचं नाही."

तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्यांदा रडायची तयारी कुणाचीच नव्हती, म्हणून आम्ही सगळे हसत हसतच एकमेकांपासून दूर गेलो. ही साठच्या दशकातली गोष्ट.

बालाघाटजवळच्या आमच्या भरवेलीत राहिलेल्या माझ्या माणसांना बाबांचं ते वाक्य समजावून सांगायला नको. पण आपल्यातले जे माझ्यासारखे दूर गेले, त्यांच्या मुलांसाठी सांगते. बाबा मॅंगनीजच्या खाणीत उतरत. त्यांचं लहानपण परसवाड्याकडच्या एका खेड्यात गेलं. तिथे वैद्य औषधाची पुडी ओट्यावरून खाली टाकत असे, आणि आजी ती मातीतून उचलून त्याला हात जोडत असे. पैसे घेत नसे तो, दयाळूच म्हणायचा. पुढे बाबा भरवेलीच्या खाणीत लागले, घरची सगळी बौद्ध झाली, आणि खाणीच्या कामगारांच्या दवाखान्यात डॉक्टरने पहिल्यांदा त्यांचं मनगट हातात धरलं. त्या दिवसापासून बाबांच्या लेखी जगात दोनच औषधं उरली, दयेचं आणि घामाचं. अंगात ताप असला तरी ते आधी धुतलेला सदरा घालत, भांग पाडत आणि मगच दवाखान्याच्या लाइनीत उभे राहत. आई चिडायची, "वरात घेऊन चालले का?"

या मानापोटी आमच्या कॉलनीत एक रीतच पडून गेली होती. ज्याचं काम सुटलं, त्याच्या घरच्या बायका दवाखान्याकडे फिरकत नसत. कोणी हाकलत नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं. पण घाम नाही तर औषध नाही, हे आमचं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

मी ही रीत ट्रंकेत घालून इंग्लंडला नेली. सोबत ओवा, सुंठ, डिंक आणि चिन्नोर तांदूळही होता, पण ते लवकर संपलं.

माझे यजमान मूळचे भंडाऱ्याकडचे. ते बर्मिंगहॅमजवळ लोखंड ओतायच्या कारखान्यात काम करत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गल्लीच्या टोकाला असलेल्या डॉक्टरकडे नेऊन नाव घातलं. मी धुतलेलं पातळ नेसले, मान इतकी वर ठेवली की उंबऱ्याला ठेचकाळले. डॉक्टरने पैसे मागितले नाहीत. मी घाबरून यांच्याकडे पाहिलं. हे हळूच म्हणाले, "दर हप्त्याले पगारातून विम्याच्या स्टॅम्पचे पैसे कापतेत. त्याच्यातच आलं सगळं." मला एवढं हायसं वाटलं! म्हणजे इथेही घामाचाच दवाखाना होता.

दिवस गेले तेव्हा तर माझी चैनच झाली. पोटुशी बायकांसाठी सरकारकडून दूध यायचं आणि संत्र्याच्या रसाची बाटली मिळायची. संत्र्याचा रस, तोही नागपूरची संत्री खाऊन वाढलेल्या पोरीला! मी चव घेऊन तोंड वाकडं केलं आणि बाटली शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. तपासणीच्या केंद्रात नर्सबाई माझ्या पोटाला नळी लावून ऐकायची आणि अंगठा वर करून "छान" म्हणायची.

आमच्या वरच्या खोलीत नागपूरचे वानखेडे भाऊजी राहत. त्यांना सगळ्यातलं सगळं कळे. ते म्हणत, "वहिनी, सरकारी म्हणजे शेवटी सरकारी. इथं प्राइवेट डॉक्टर पण आहेत. गालिच्यावर बसवतात, 'मिसेस' म्हणून उभे राहतात." भाऊजी स्वतः कुठल्याच डॉक्टरकडे कधी गेले नव्हते. पण बोलणं असं, की आत्ताच गालिच्यावरून उठून आलेत.

सातवा महिना लागला आणि कारखाना बंद पडला.

हे खचले नाहीत. रोज सकाळी दाढी करून काम शोधायला निघत. मीही तपासणीच्या दिवशी पातळ बदलून निघे, पण केंद्राकडे न जाता बागेतल्या बाकावर बदकं पाहत बसे आणि वेळेवर घरी येई. स्टॅम्प बंद, म्हणजे आता तो दवाखाना माझा नव्हता. कोणत्या तोंडाने जाणार? यांनी विचारलं तर मी अंगठा वर करून "छान" म्हणे, अगदी नर्सबाईसारखं. दूध आणि रस घेणंही मी थांबवलं.

मग पाय सुजले. चपलेत मावेनात. डोकं दुखे, कधी डोळ्यांसमोर काजवे चमकत. मनात आईचं वाक्य घुमे, घरी ये. पण घर सात समुद्रापार होतं आणि पोटातलं लेकरू थांबणारं नव्हतं. ते आता आपल्या मानापायी जातंय की काय, या भीतीने मी बाकावर बसून रडायची. शेवटी भाऊजींना यांच्या नकळत विचारलं, प्राइवेट डॉक्टर उधारीवर पाहतो का? भाऊजी डोकं खाजवत जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर नर्सबाई! सायकल भिंतीला टेकवलेली, काळी पिशवी हातात, चढावरून आल्याने तोंड लालबुंद. मला वाटलं, दूध-रसाचा हिशेब मागायला आली. ती म्हणाली, "तू दोनदा आली नाहीस. का?"

मला इंग्रजी येई ते भाजीच्या दुकानापुरतं. मी म्हटलं, "नो वर्क. नो स्टॅम्प." तिला कळेना. मग मी हिंदीत सुरू झाले, हिंदी संपल्यावर मराठीत, आणि मराठीतून थेट भरवेलीच्या बोलीत. "बाई, आमच्या घरवाल्याचं काम सुटलं, मंग मी कोन्या तोंडानं येऊ?" आवाज ऐकून वानखेडे भाऊजी जिन्यावरून धावत आले. त्यांनी माझं बोलणं तिला सांगितलं आणि तिचं मला.

नर्सबाईने कपाळावर हात मारून घेतला. स्टॅम्प कामगारांचा, म्हणाली. काम सुटलं किंवा आजारी पडलं की त्यातून घराला आधार मिळतो, आणि तो तुझ्या नवऱ्याने आजवर मागितलाही नाही! डॉक्टरचा त्याच्याशी संबंध नाही. दवाखान्याचा खर्च सगळा मुलुख मिळून करतो. तू इथे राहतेस ना? बस, एवढंच लागतं. भाऊजींनी हळूच प्राइवेटचं विचारलं. ती हसली. बऱ्याचदा डॉक्टर तेच असतात, म्हणाली, सकाळी आमच्या इस्पितळात आणि संध्याकाळी गालिच्यावर. पैसे भरले की नंबर लवकर लागतो, वेगळी खोली मिळते. पण जिवावर बेतलं तर तेही रोग्याला आमच्याकडेच पाठवतात.

"हौ का!" भाऊजींच्या तोंडून निघालं, आणि तो गालिचा पुन्हा कधी आमच्या बोलण्यात आला नाही.

मग तिने माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि तिचं हसू थांबलं. रक्तदाब फार चढला होता. तासाभरात इस्पितळाची गाडी आली. हे काम शोधून परतले तेव्हा मी गाडीत आणि भाऊजी दारात, लिंबाएवढे डोळे करून.

मी इस्पितळात बरेच दिवस पडून होते. शेजारच्या खाटेवर एका मोठ्या साहेबाची बायको होती. तिला आणि मला सारखीच पेज, सारखंच रागावणं. "उठू नका" म्हणजे दोघींनीही उठायचं नाही. आम्ही दोघी मिळून मोठ्या नर्सला चोरून नावं ठेवायचो. तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला, पण नावं ठेवायला काही अडलं नाही. आणि मग माझी लेक झाली, काळीसावळी, खणखणीत आवाजाची. तिचा टाहो ऐकून मी इतकी हसले की टाके दुखले.

यांना नंतर दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं. आम्ही इथलेच झालो. घर कुठलं असं कोणी विचारलं की माझ्या तोंडून अजून भरवेलीच निघतं. तिथली लाल-काळी माती, खाणीच्या पाळीचा भोंगा, आईची हाक, हे सगळं माझं आहे. पण ज्या गावात मी दोनदा दिसले नाही म्हणून कुणीतरी सायकल काढून चढ चढून आलं, त्याला परमुलूख म्हणायला आता माझी जीभ वळत नाही.

हे सगळं मी घरी कळवलं. घाम नव्हता बाबा, तरी औषध मिळालं आणि मान खाली गेली नाही, असं मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं. बाबांचं म्हणणं मी मोडलं होतं. महिन्याभराने धाकट्या भावाच्या अक्षरात उत्तर आलं. नातीचं नाव काय ठेवलं हे आईने विचारलं होतं. बाबांनी एकच विचारलं होतं, "त्या नर्सबाईले च्या पाजला का?"

मी त्याच दिवशी उत्तर धाडलं. हौ बाबा, लेकीला पाहायला आली तेव्हा पाजला. आपल्या घरात, आपल्याच खुर्चीवर बसून, आपल्याच कपातून प्याली. आणि दुसरा कप तिने मागून घेतला.